धक्का बसल्यावर भेगा बुजवण्याआधी
(कोयना परिसरातील आमच्या घरमालक ग्राहकांसाठी)

धक्का बसला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू होतात. प्रश्न एकच, "ही भेग भूकंपाची का?" आणि आम्ही पोहोचेपर्यंत तिच्यावर पुट्टी फिरलेली असते. बुजवलेल्या भेगेवरून काहीच कळत नाही. मग पुट्टी खरवडा, गिलावा फोडा; दिवस आमचा जातो, मजुरी तुमची.

म्हणून कळकळीची विनंती: भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला आणि मोजपट्टी धरून फोटो काढा. मुंबईला असाल तर भावकीतल्या कुणाकडून एवढं करून घ्या. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, त्यातही फुलीसारखी, दिसली तर लगेच कळवा. बीमखालची बारीक आडवी भेग बहुतेक वेळा सुकण्याची किंवा उन्हाची असते.

धरणामुळे भूकंप होतो का, हेही सगळे विचारतात. ताण मुळात खडकातच आहे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकून आशियाला रेटतो आहे, त्यामुळे आपल्याकडचा खोल खडकही आवळलेला आहे. त्यात जुने तडे आहेत. जलाशयाचा भार आणि तड्यांत मुरलेलं पाणी यांनी घट्ट बसलेला तडा सुटतो आणि घसरतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप असाच झाला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

कोकणातही घर असलेले सुनामीचं विचारतात. तिला समुद्राचा तळ उचलला जावा लागतो, 2004 साली सुमात्राजवळ उचलला गेला तसा. कोयनेचे धक्के जमिनीवरचे आणि त्या मानाने फार लहान. त्यांनी सुनामी येत नाही.

आम्ही दोनदा येतो आणि पाहणीचे पैसे घेतो, हे काहींना खटकतं. पण पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत इथे धक्के वाढलेले दिसतात. तेव्हा भेग लांबली का, हे पाहिल्याशिवाय काम सुचवणं आम्हाला पटत नाही. काम आमच्याकडे दिलंत तर पाहणीची रक्कम बिलातून वजा होते.

घर जुनं, दगड-मातीचं असेल तर भेगेची वाट पाहू नका. 1993 साली किल्लारीला अशाच जाड भिंतींखाली माणसं गाडली गेली. खिडक्यांच्या वर चारही भिंतींना सलग बांधणारा काँक्रीटचा पट्टा राहत्या घरातही घालता येतो. एकेक भिंत घेत काम करतो, घर रिकामं करावं लागत नाही.