अकरावीचा फॉर्म भरायला येताना मुलाला सोबत आणा
(आमच्या ऑनलाइन सेवा केंद्रात येणाऱ्या पालकांसाठी)

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे रांग लागते. रांगेत बरेचदा फक्त वडील असतात, नाहीतर मामा, हातात मार्कांची प्रिंट. "सायन्स टाका, बाकी तुम्हीच बघा," असं सांगून मोकळे होतात. फॉर्म आम्ही जरूर भरून देऊ, पण दोन वर्षं वर्गात बसणार आहे ते तुमचं मूल. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत त्यालाच बसवा, तुम्ही शेजारी बसा. आमच्याकडे त्यासाठी दोन खुर्च्या ठेवलेल्याच असतात.

निकालाच्या दिवशी

बोर्डाचा निकाल बहुधा दुपारी एकला ऑनलाइन येतो आणि त्या वेळी साइट फार हळू चालते. घाई करू नका, डिजिलॉकरवरही गुणपत्रक दिसतं. दुकानात निकाल पाहायला आलात तर आम्ही स्क्रीन आधी मुलाकडे वळवतो. आकडे मोठ्याने वाचत नाही आणि मुलाने सांगितल्याशिवाय प्रिंट काढत नाही. तुम्हीही तेवढं सांभाळा. शेजारच्याला किती पडले, हा विषय त्या दिवशी काढूच नका.

टक्के मोजताना लक्षात असू द्या की सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात, म्हणजे 500 पैकी.

एखाद्या विषयात गुण फारच कमी वाटले तर गुणपडताळणीसाठी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी बोर्डाकडे अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. मुदत थोडी असते, त्यामुळे निर्णय पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्या. छायाप्रत हातात आली की ती विषयशिक्षकांना दाखवा आणि मगच पुढचे पैसे भरा.

विषय राहिले असतील तर

हे जरा सविस्तर लिहितो, कारण याच घरांत सगळ्यात जास्त घबराट असते आणि माहिती सगळ्यात कमी.

एक किंवा दोन विषय राहिले असतील तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळू शकतो. वर्ष वाया जातंच असं नाही. राहिलेले विषय मात्र बारावीला जाण्याआधी सोडवावे लागतात. पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते. 2025 साली ती 24 जूनला सुरू झाली होती. तिचा फॉर्म शाळेमार्फत भरतात, आमच्याकडून नाही. त्यासाठी बाहेर कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका, शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. मूल नापास होऊन शाळेत पाऊल टाकायला लाजत असेल तर त्याला एकट्याला धाडू नका. तुम्ही सोबत जा आणि ऑफिसात पहिलं वाक्य तुम्ही बोला. आमच्याकडे येणाऱ्या मुलांनी आम्हाला सांगितलंय की अभ्यासाइतकीच त्या फाटकातून आत जाण्याची भीती वाटते.

शाळा सुटून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तरी 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येतं. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतं.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीतून बाहेर येत नसेल, "आता काही उरलं नाही" असं बोलत असेल, तर फॉर्म बाजूला ठेवा. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. तिथे पालकही बोलू शकतात. आणि त्या काळात मुलाला घरी एकटं सोडू नका.

शाखा आणि विषय

चांगले टक्के म्हणजे सायन्स आणि कमी टक्के म्हणजे आर्ट्स, हा हिशेब आता सोडायला हवा. पुढे काय करायचंय ते आधी बोला, मग मागे या. इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर डोक्यात असेल तर गणित सोडू नका. मेडिकलसाठी जीवशास्त्र लागतंच. फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी काहीही चालतं. एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) लष्करासाठी कुठलीही शाखा चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. सीए व्हायला बारावीला गणित असायलाच हवं असं नाही, पण सीएच्या फाउंडेशन या पहिल्या परीक्षेला गणिताचा पेपर असतो. पाच वर्षांच्या लॉला कुठलीही शाखा चालते.

ज्याचा हात यंत्रावर बसतो त्याला आयटीआय किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा चांगला. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. या दोन्हींचे फॉर्म अकरावीच्या फॉर्मपेक्षा वेगळे असतात आणि तिन्ही भरून ठेवले तरी हरकत नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर महिन्याभरात शाखा झेपत नाही असं मूल म्हणालं तर त्याला गप्प करू नका. लगेच कॉलेजच्या ऑफिसात विचारा. शाखा बदलता येते का, हे जागा आणि वेळ यांवर असतं, आणि दिवाळीनंतर विचारून फारसा उपयोग होत नाही.

पसंतीक्रम

2025 पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात लागू झाला. भाग 1 मध्ये वैयक्तिक माहिती, भाग 2 मध्ये कॉलेजांची पसंती. त्या वर्षी जास्तीत जास्त दहा कॉलेजं देता येत होती. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागत होता, नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. त्यामुळे "बघू, टाकून ठेवू" म्हणून पहिल्या क्रमांकावर काही लिहू नका. यंदाचे नियम आम्ही काउंटरवर लावतो, ते आधी वाचा.

मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहा आणि एसटीचं वेळापत्रकही पाहा. सकाळी सातचं कॉलेज आणि गावातून पहिली गाडी सव्वासातची, असं झालं की पोरगी महिन्याभरात घरी बसते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तोही लक्षात ठेवा.

एक आग्रहाचं सांगणं: फॉर्ममध्ये मोबाइल नंबर तुमचाच द्या. ओटीपी आणि फेरीचे मेसेज त्यावरच येतात. दुकानाचा नंबर टाकून फॉर्म भरलेली मुलं ऐन वेळी लॉगिनसाठी धावाधाव करताना आम्ही पाहिली आहेत. पासवर्ड मुलाच्या वहीत लिहून घ्या, आम्ही तो आमच्याकडे ठेवत नाही.

येताना गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला आणि तुमच्या प्रवर्गाला लागत असेल तर नॉन-क्रिमिलेयर आणा. दाखला निघायला वेळ लागतो, त्यामुळे त्याचा अर्ज निकालाची वाट न पाहता आत्ताच करा.

पसंतीक्रमाचा कोरा कागद काउंटरवर विनामूल्य मिळतो. आदल्या दिवशी घेऊन जा, घरी मुलाच्या अक्षरात पेन्सिलने भरा आणि दुसऱ्या दिवशी आणा. सकाळी अकराच्या आधी आलात तर गर्दी कमी असते, बोलायला वेळ मिळतो.