हिलनिंग्सफेस्ट म्हणजे मिडसमर नव्हे

ऑक्टोबरात काढलेल्या फोटोखाली ‘लिंड्सबोर्गचं मिडसमर’ असं लिहिलेलं इतक्यांदा वाचलंय, की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. लिंड्सबोर्ग हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं, स्वीडिश लोकांनी वसवलेलं गाव. ऑक्टोबरात कॅन्ससमध्ये ज्वारीची कापणी चालू असते. उन्हाळ्याच्या मध्याचा सण त्या महिन्यात येईलच कसा? फोटोतली मुलं स्वीडिश पोशाखात आहेत, निळे-पिवळे झेंडे आहेत, लोक नाचतायत, एवढ्यावर लोक नाव ठोकून मोकळे होतात. त्या फोटोतला सोहळा ‘स्वेन्स्क हिलनिंग्सफेस्ट’. मिडसमर निराळं. दोन्ही एकाच गावात होतात, तेवढंच त्यांचं साम्य.

मिडसमर बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे ते थोडक्यात. स्वीडनमध्ये १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी ते साजरं होतं. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा करायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, लहान-मोठ्या सगळ्यांनी बेडकासारख्या उड्या मारायच्या, मग मुरवलेला हेरिंग मासा, शेपू घातलेले नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी खायच्या. लिंड्सबोर्गमध्येही जूनमधल्या एका शनिवारी खांब उभा राहतो आणि फेर धरला जातो. फरक मुख्यतः आभाळाचा. त्या दिवसांत स्टॉकहोममध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे साडेतीनला पुन्हा वर येतो. कॅन्ससमध्ये नऊच्या सुमारास मावळतो, आणि तोवर अंगाची लाही झालेली असते.

या खांबाला इंग्रजीत मे महिन्याच्या नावाने ओळखतात आणि आपले लोक तेच मराठीत आणतात, ते मला खटकतं. स्वीडिशमध्ये त्याला ‘मायस्टोंग’ म्हणतात. हा ‘माय’ ‘माया’ या जुन्या क्रियापदातून आला, आणि त्याचा अर्थ हिरव्या पाल्याने सजवणं. मे महिन्याशी त्याचा संबंध नाही. असो, हा लहान गोंधळ. मोठा पुढेच आहे.

हिलनिंग्सफेस्ट स्वीडनमध्ये होत नाही. तिथे शोधायला गेलात तर मिळणार नाही, कारण तो तिथला सणच नाही. ‘हिलनिंग’ म्हणजे मानवंदना, गौरव. स्वेन्स्क हिलनिंग्सफेस्ट म्हणजे स्वीडिश मानवंदनेचा सोहळा. ही मानवंदना स्वीडन देशाला नाही, राजालाही नाही. स्वीडन सोडून या माळावर आलेल्या पहिल्या पिढीला आहे. सगळा घोटाळा इथे होतो. नाव स्वीडिश, पोशाख स्वीडिश, जेवण स्वीडिश, म्हणून सणही स्वीडनहून बोटीत बसून आला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो इथेच, १९४१ साली सुरू झाला. सुचवणारे होते गावातले डॉक्टर, विल्यम होल्वेर्डा. आडनाव स्वीडिश नाही, डच आहे.

ज्यांना मानवंदना दिली जाते ती माणसं कोण, हे कळल्याशिवाय सोहळा कळत नाही. १८६७ ते १८६९ या काळात स्वीडनमध्ये पिकं बुडाली, दुष्काळ पडला. शिकागोत जमलेल्या काही स्वीडिश लोकांनी शेतीसाठी एक कंपनी काढून कॅन्ससमध्ये स्मोकी हिल नदीच्या खोऱ्यात जमीन घेतली. १८६९ साली पाद्री ओलोफ ओल्सन वर्मलांड प्रांतातली आपली माणसं घेऊन तिथे उतरले. वर्मलांड म्हणजे घनदाट जंगलं आणि तळी. त्यांच्यासमोर आता झाड शोधावं लागेल असा गवताळ माळ होता. लाकूडच नाही म्हटल्यावर पहिली घरं जमीन खणून आणि गवताची मुळं धरलेल्या मातीच्या विटा रचून बांधली. आणि तरी बारा वर्षांत, १८८१ साली, कार्ल आरन स्वेन्सन या चोवीस वर्षांच्या पाद्रीने तिथे बेथनी कॉलेज सुरू केलं. पुढच्याच वर्षी गावाने हेंडेलचं ‘मसाया’ हे ख्रिस्तावरचं भव्य समूहगान गायलं. ते गायन आजही ईस्टरच्या सुमारास दरवर्षी होतं. गायला उभे राहिलेले बरेचसे लोक दिवसा शेतात राबणारे होते. हे वाचताना मी अजूनही थांबते.

१९४१ साली या गोष्टीला बहात्तर वर्षं झाली होती. बोटीतून उतरलेली माणसं जवळजवळ सगळी गेली होती. चर्चमध्ये स्वीडिशची जागा इंग्रजीने घेतली होती. नातवंडांना आजीच्या भाषेतली प्रार्थना पाठ होती, पण त्या भाषेत भांडता येत नव्हतं. हिलनिंग्सफेस्ट त्या क्षणाचा सण आहे. स्वीडनमध्ये राहिलेल्या माणसाला तो लागणारच नाही, कारण त्याचं काही मागे सुटलेलं नाही.

अमेरिकेतल्या मराठी माणसाला हे एका वाक्यात सांगता येतं. मंडळाचा गणपती हा इकडून तिकडे नेलेला सण. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं दर दोन वर्षांनी भरणारं अधिवेशन तिथे घडलेला. गणपती पुण्यातही बसतो, डॅलसमध्येही. ते अधिवेशन मात्र पुण्यात भरवण्यात अर्थच नाही, ते दूर गेलेल्यांनी एकमेकांसाठी भरवलेलं असतं. मिडसमर गणपतीच्या बाजूचं, हिलनिंग्सफेस्ट अधिवेशनाच्या बाजूचं. योगायोग असा की हिलनिंग्सफेस्टही दर दोन वर्षांनीच होतो, विषम वर्षी, ऑक्टोबरात. आणि भाव पाहिला तर तो कुलसंमेलनाच्या जवळचा आहे. मूळपुरुष कुठून निघाला, कुठे थांबला, पहिली विहीर कुठे खणली, हे सगळ्यांनी मिळून आठवण्याचा.

‘ऑक्टोबर’ आणि ‘फेस्ट’ हे दोन शब्द जवळ आले की काहींना म्युनिक आठवतं. हा बिअरचा जर्मन जत्रोत्सव नाही. यावर याहून जास्त लिहिण्याची गरज नाही.

दुसऱ्या एका प्रकारचे लोक आहेत, आणि त्यांचा मला जास्त त्रास होतो. १९४१ हे साल कळलं की हे लोक म्हणतात, ‘अच्छा, म्हणजे खरा नाहीच, पर्यटकांसाठी काढलेला.’ त्यांच्या मते जूनमधलं अस्सल आणि ऑक्टोबरातलं नकली. मला नेमकं उलट वाटतं, आणि त्याला कारण आहे. ओल्सन आणि त्यांच्याबरोबरची माणसं पायटिस्ट वळणाची लूथरन ख्रिस्ती होती. बायबलवाचन, भजन, साधेपणा यांवर भर देणारी, कडक. या पंथाला नाच आणि दारू मान्य नव्हती. स्वीडनच्या मिडसमरमध्ये तर ग्लासातली श्नाप्स आणि खांबाभोवतीचा नाच हेच मुख्य. म्हणजे जूनच्या फेरात आपल्याला स्वीडन दिसतं, पण गाव वसवणारी माणसं तिथे दिसतीलच असं नाही. ऑक्टोबरचा सोहळा त्यांचं नाव घेऊन होतो. हो, नाच ऑक्टोबरातही असतो. हायस्कूलच्या मुलामुलींचं लोकनृत्य पथक असतं, मिरवणूक असते. ते पुढच्या पिढ्यांनी आणलं, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. आपल्या आजोबांना जे रुचलं नसतं ते करून आजोबांना आठवणारी घरं आपल्याकडेही आहेत. माझी तक्रार फक्त ‘अस्सल’ या शब्दाच्या वापराविषयी आहे. एखाद्या गावाने स्वतःच्या दुःखातून आणि अभिमानातून जे घडवलं, ते त्या गावापुरतं अस्सलच असतं.

लाल लाकडी घोड्याचीही हीच कथा. लिंड्सबोर्गच्या रस्त्यांवर रंगवलेले मोठे घोडे उभे आहेत, घराघरावर नावाच्या पाट्या घोड्याच्या आकाराच्या आहेत. हा डाला घोडा, म्हणजे दालार्ना प्रांतातला. गाव वसवणारे वर्मलांडचे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनने आपल्या दालनाबाहेर भला मोठा डाला घोडा उभा केला आणि तिथून तो साऱ्या स्वीडनचं चिन्ह झाला. पूर्वजांनी ट्रंकेत घालून आणलेला खेळण्यातला घोडा, अशी जी गोड गोष्ट सांगितली जाते ती इथे बसत नाही.

उरलेल्या दोन गोष्टी पटकन. डिसेंबरात डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी दिसली तर तो लुसियाचा सण. स्वीडनमध्ये तो १३ डिसेंबरला असतो, गावात सोयीच्या शनिवारी. आणि ‘मसाया’ला कुणी स्वीडिश परंपरा म्हणालं तर थांबवा. संगीतकार जन्माने जर्मन, रचना लंडनवासी असतानाची, शब्द इंग्रजी. स्वीडिश आहे ते गाणाऱ्यांचं हट्टाने टिकून राहणं. हिलनिंग्सफेस्टपेक्षा हे गायन एकोणसाठ वर्षांनी जुनं आहे.

आता जायचं असेल तर. विचिटाहून उत्तरेला साधारण सव्वा तासाचा रस्ता. जूनमध्ये गेलात तर स्वीडिश पॅव्हिलियन चुकवू नका. वास्तुविशारद फर्डिनांड बोबर्ग यांनी १९०४ च्या सेंट लुइस जागतिक प्रदर्शनासाठी आखलेली ही लाकडी इमारत, नंतर सुटी करून लिंड्सबोर्गला आणली गेली. ही इमारत आता जुन्या गिरणीजवळच्या संग्रहालयाच्या आवारात आहे. बिर्गर सांदझेन यांची चित्रंही पाहा. ते १८९४ साली शिकवायला आले आणि आयुष्यभर इथेच राहिले. माळावरचा प्रकाश जांभळा आणि केशरी असू शकतो हे त्यांच्या रंगांच्या जाड थरांतून कळतं.

पण एकदाच जाणं जमणार असेल तर मी ऑक्टोबर सांगेन. आधी वर्ष तपासा. सम वर्षी गेलात तर गाव तेवढंच सुंदर दिसेल, पण सोहळा नसेल. स्मोर्गोसबोर्डचं, म्हणजे नाना पदार्थ मांडलेल्या स्वीडिश जेवणाचं, तिकीट आधी काढा आणि टेबलावर ‘पोटाटिस कोर्व’ दिसलं तर वाढून घ्या. डुक्कर आणि गाईचं मांस, कच्चा बटाटा, कांदा आणि मसाला भरून केलेलं हे सॉसेज. स्वीडनमध्ये याच सॉसेजला ‘वर्मलांड्सकोर्व’ म्हणतात, म्हणजे वर्मलांडचं सॉसेज. अमेरिकेत येताना त्याच्या नावातला प्रांत गळला आणि बटाटा राहिला.