कान ठणकतो, पण दुखणं जबड्याचं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कान ठणकला की आधी लसूण घालून कढवलेलं तेल कानात पडतं. पडद्याला भोक असेल तर ते अपायकारकच. आणि कान स्वच्छ असून भाकरी चावताना, जांभई देताना ठणका वाढत असेल, तर दुखणं बहुधा कानापुढच्या सांध्याचं किंवा चावण्याच्या स्नायूंचं असतं.

दातांचे डॉक्टर हे बोटांनी आणि पट्टीनं तपासतात. जबड्याच्या दुखण्यासाठी 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे गालाचा आणि कानशिलाचा स्नायू 1 किलोच्या दाबानं दाबायचा, सांध्याचं बाहेरचं टोक अर्ध्या किलोनं. बोटाला हा अंदाज वजनकाट्यावर दाबून येतो. नुसतं दुखलं म्हणून भागत नाही; ‘रोज दुखतं ते हेच का?’ याला होकार हवा. जास्त जोर लावला तर निरोगी गालही दुखतो.

खरी गंमत ‘कट्’ आवाजात आहे. जबड्याच्या हाडाचा गोल माथा आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना माथा तिच्या जाड मागच्या कडेखालून घसरून मधोमध येतो, तेव्हा ‘कट्’. मिटताना तो पुन्हा मागे निसटतो, तेव्हा दुसरा, हलका आवाज. पडताळा सोपा आहे. आ करून, खालचा जबडा पुढे घेऊन पुढचे दात टोकाला टोक मिटायचे आणि तिथूनच उघडझाप करायची. माथा चकतीखालीच राहतो, आवाज थांबतो. न दुखणाऱ्या अशा आवाजाला उपचार लागत नाहीत. त्यासाठी दात घासून ‘चावा जुळवून’ घेऊ नये, घासलेला दात परत येत नाही.

आवाज अचानक बंद होऊन तोंडच कमी उघडू लागलं, तर चकती पुढेच अडकलेली असू शकते. समजा, आ केल्यावर पुढच्या दातांमधलं अंतर 32 मिमी आणि मिटल्यावर वरचे दात खालच्यांवर 3 मिमी चढलेले, म्हणजे तोंड एकूण 35 मिमी उघडतं. मग डॉक्टर बोटांनी हलकेच ताणतात. तरीही 40 मिमीच्या आत अडलं तर संशय चकतीवर. ताणल्यावर बरंच उघडलं तर स्नायूवर. साध्या एक्स-रेत चकती दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो.

सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड कमी उघडत असेल, तर मात्र गालाच्या आतून आधी बोट फिरवावं. पांढुरके, ताठ पट्टे लागले तर सांधा बाजूला ठेवायचा: तो सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर ताठ होत जाण्याचा आजार, ज्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.