काजवे बघायला गेलात म्हणजे शाश्वत पर्यटन केलंत असं नाही

सुट्टी म्हटलं की महाबळेश्वरचे पॉइंट आणि घोडा, हे आता मागे पडलंय. काजवे, कासवं, रानफुलं बघायला गाड्या निघतात. हे झालं निसर्ग पर्यटन. त्यालाच सर्रास शाश्वत पर्यटन म्हटलं जातं, आणि घोळ तिथेच होतो. पहिल्यात तुम्ही काय बघता एवढंच येतं. दुसऱ्यात तुमच्या जाण्याने तिथलं काय होतं ते मोजावं लागतं.

भंडारदरा परिसर घ्या. मेअखेरीपासून पाऊस लागेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा काजव्यांनी लखलखतात. तो लखलखाट म्हणजे नराने मादीला घातलेली साद, आणि तिचं उत्तरही उजेडातच येतं. त्यात शनिवारी रात्री गाड्यांच्या रांगा, हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च. साद पोचली नाही तर मीलन नाही. मादी अंडी घालते ओलसर मातीत, पाचोळ्यात, आणि फोटोसाठी बुंध्यापर्यंत घुसणारे बूट नेमके तिथेच पडतात. गावाला चार पैसे मिळतात, ते नाकारत नाही. पण हे भांडवल खाणं झालं.

मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी पूर्वी माणसं चोरायची, कोल्ही-कुत्री उकरायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं. घरटं सापडलं की अंडी कुंपणाच्या आत हलवायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात, ती समुद्राकडे सोडायची. पाहुण्यांनी दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. मुक्काम गावातल्याच घरात, जेवण घरच्यांच्या हातचं, म्हणजे पैसाही तिथेच राहतो. सकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली आणि खाली पिल्लूच नसलं तर संध्याकाळी परत यायचं. मुंबईहून रात्रभर गाडी हाकून आलेल्यांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी होतात.

गर्दीला आकडा लावला की काम झालं, असंही नाही. कास पठारावर दिवसाला 3000 जणांची मर्यादा घातली, कुंपणही घातलं. मग चराई थांबून गवत माजलं, फुलं कमी झाली अशी ओरड झाली आणि कुंपण काढावं लागलं.

बुकिंग करताना फोनवर एवढं विचारा: नाही दिसलं तर? ‘हमखास दाखवतो, गाडी थेट झाडापाशी जाते’ असं उत्तर आलं, तर पैसे पाठवू नका.