नाव कापले, तरी माणूस उरतो

बाळ जन्मल्यावर रुग्णालयाकडून नगरपालिकेला जो जन्म अहवाल जातो, त्याच्या नमुन्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बाळाचे नाव, आईवडिलांची नावे आणि पत्ता असतो. हा भाग निबंधकाच्या नोंदवहीला लागतो आणि पुढे आयुष्यभर त्याच्या आधारावर दाखले मिळतात. दुसऱ्या भागात आईचे वय व शिक्षण, कुटुंबाचा धर्म, आधीची अपत्ये, प्रसूती कशी झाली आणि बाळाचे वजन किती भरले, ही माहिती असते. हा भाग वेगळा काढून केवळ आकडेवारीसाठी वर पाठवायचा असतो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार ही नोंद २१ दिवसांत करावी लागते. आता बरेचसे काम पोर्टलवर होत असले, तरी ही विभागणी कायम आहे आणि ती मला मोठ्या शहाणपणाची वाटते. ज्याला दाखला द्यायचा आहे त्याला आईचे शिक्षण कळण्याची गरज नाही आणि ज्याला सरासरी काढायची आहे त्याला तिचे नाव कळण्याची गरज नाही.

मात्र नाव नसलेल्या त्या दुसऱ्या भागावरही नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, लिंग आणि जन्मस्थळ लिहिलेले असते. चूक आढळली तर मूळ नोंद शोधता यावी म्हणून ते लागतेच. प्रश्न असा, की एवढ्या माहितीवरून माणूस ओळखता येतो का?

याचे उत्तर १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मिळाले. राज्य कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा विदा (म्हणजे डेटा) नावे व पत्ते वगळून संशोधकांना देण्यात आला होता. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख दोन्हीकडे ताडून पाहिली. त्या तारखेचे सहा मतदार शहरात निघाले, त्यांतले तीन पुरुष होते आणि वेल्ड यांच्या टपाल विभागात त्यांतला एकच राहत होता. गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद अशी हाती आली. पुढे स्वीनी यांनी अंदाज मांडला, की जन्मतारीख, लिंग आणि टपाल क्रमांक या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येतील. यात कोणीही कुलूप फोडलेले नव्हते, दोन याद्या शेजारी ठेवल्या होत्या, इतकेच.

हा हिशोब आपल्याकडच्या प्रभागालाही लावून पाहता येतो. समजा, एका प्रभागात १०,००० लोक राहतात. ८० वर्षांच्या आयुष्यात साधारण २९,२०० जन्मतारखा येतात, लिंगाप्रमाणे दुप्पट केल्यास ५८,४०० खाने होतात. खाने माणसांपेक्षा जवळपास सहा पट असल्याने बहुतेकांच्या वाट्याला स्वतंत्र खाना येतो. तारखा सारख्या विखुरल्या आहेत असे धरले, तर सुमारे ८४ टक्के लोक आपापल्या खान्यात एकटेच सापडतात. आता पूर्ण तारखेऐवजी फक्त जन्मवर्ष ठेवले, तर खाने १६० उरतात आणि प्रत्येकात सरासरी ६२ माणसे येतात. यादी कामाची तर राहते, पण कोणाकडे बोट मात्र दाखवता येत नाही. प्रत्येक खान्यात ठरलेल्या संख्येपेक्षा कमी माणसे उरू नयेत, या कसोटीला के-अनामिकता म्हणतात.

आपल्या आधीच्या पिढीत ही अनामिकता नकळत साधली गेली आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख सरसकट १ जून लिहून टाकली, त्या आजोबांना तारखेवरून हुडकणे त्यांच्या नातवापेक्षा पुष्कळ अवघड आहे!

पालिकेला अर्थात सगळीच माहिती पुसट करून चालत नाही. मालमत्ता कराचे बिल नेमक्या घरावरच निघावे लागते, पाण्याची जोडणी नेमक्या माणसाच्या नावावर असावी लागते. अशा ठिकाणी ओळखक्रमांक सांभाळण्याचे तंत्र कामी येते आणि नेमकी तिथेच एक गोड गैरसमजूत आढळते. आधार क्रमांक हॅश करून, म्हणजे गणिती सूत्रातून त्याचा उलगडता न येणारा ठसा काढून साठवला, की तो सुरक्षित झाला असे अनेकांना वाटते. सूत्र उलटे फिरवता येत नाही, हे खरे आहे. पण आधार क्रमांक १२ अंकी, त्याची सुरुवात ० किंवा १ ने होत नाही आणि शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून ठरतो, म्हणजे शक्य क्रमांक उरले ८,००० कोटी. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला अब्जावधी ठसे काढतो. तो सगळे क्रमांक ओळीने सूत्रातून घालून जुळणारा ठसा शोधतो आणि टेबलावरचा चहा गार होण्याआधी मूळ क्रमांक समोर येतो. म्हणून आधार प्राधिकरणाने क्रमांक साठवणाऱ्या संस्थांसाठी वेगळ्या तिजोरीची पद्धत ठरवली आहे. खरा क्रमांक कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात, एकाच ठिकाणी ठेवायचा, त्याची किल्ली वेगळ्या सुरक्षित उपकरणात ठेवायची आणि इतर सर्व कामांत त्याच्याऐवजी एक निरर्थक संदर्भ क्रमांक वापरायचा. पाणीपट्टीची यादी फुटली, तरी चोराच्या हाती फक्त तो संदर्भ क्रमांक लागतो.

तिजोरी कितीही भक्कम असली, तरी कार्यालयातल्या माणसाला ती उघडावीच लागते. एका खिडकीवरचे पाच जण एकाच लॉगिनवर काम करत असतील आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असेल, तर कोणती नोंद कोणी उघडली हे कधीच कळणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये जे नियम अधिसूचित झाले, त्यांत कूटबद्धता आणि प्रवेशनियंत्रण यांच्याबरोबरच अशा वापराच्या नोंदी एक वर्ष जपून ठेवण्याची अट आहे. विदा फुटल्यास बाधित व्यक्तींना कळवावे लागेल आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. सरकारी सेवा, दाखले आणि अनुदाने यांसाठी हाच कायदा शासनसंस्थांना काही बाबतींत वेगळ्या संमतीशिवाय माहिती वापरू देतो. माझ्या मते नागरिकाचा नकाराधिकार जिथे कमी होतो, तिथे कार्यालयाची काळजी तेवढीच वाढायला हवी.

याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलून अशी माहिती नाकारणे सोपे केले आणि त्यावरून जो वाद उठला, तो अनाठायी म्हणता येत नाही. घरकुलाच्या लाभार्थ्यांची नावे ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली नाहीत, तर पक्के घर असलेल्याचे नाव यादीत घुसल्याचे गावाला कळणार कसे? संरक्षणाच्या नावाखाली अशी यादीच दडपली, तर फायदा यादीत गडबड करणाऱ्याचा होतो. पण त्या यादीत नावाच्या पुढे मोबाइल क्रमांक, बँक खाते आणि आधार क्रमांक यांचे रकाने असायचे काहीच कारण नाही. ते झाकायचे म्हणून पीडीएफवर काळी पट्टी ओढलेली असेल, तर ती खरेच झाकते का हे पाहणे सोपे आहे: पट्टीवरून कर्सर ओढावा, कॉपी करावे आणि कोऱ्या पानावर पेस्ट करावे. अंक उमटले, तर ती यादी उतरवून रकाने मुळातूनच काढून टाकावेत आणि मगच ती पुन्हा लावावी.