पार्टिकल आतषबाजी

पार्टिकल आतषबाजी : दारूला काडी न लावता, संगणकावर हजारो उजळ ठिपके, म्हणजे पार्टिकल किंवा कण, हलवून उभे केलेले शोभेचे दारूकाम. ठाण्यात दसरा उलटला की व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांकडे दिवाळीच्या शुभेच्छांची कामे येऊ लागतात आणि पुष्कळ गिऱ्हाइकांना मासुंदा तलावावर, म्हणजे आपल्या तलावपाळीवर, बाण फुटताना हवे असतात.

आग, धूर, ठिणग्या यांना ठरीव पृष्ठभाग नसतो, म्हणून त्या रेषांनी आखता येत नाहीत. लुकासफिल्ममध्ये असताना विल्यम रीव्ह्ज यांनी ‘स्टार ट्रेक’च्या १९८२ मधील चित्रपटासाठी ग्रहावर पसरणारी आग सुट्या कणांतून दाखवली. त्यावरच्या १९८३ च्या शोधनिबंधात आतषबाजीचाही उल्लेख आहे. प्रत्येक कणाला जन्म, वेग, रंग आणि आयुष्य द्यायचे, आयुष्य संपले की तो पुसायचा, ही मूळ कल्पना आजही तशीच आहे. आफ्टर इफेक्ट्स, ब्लेंडर किंवा हुडिनी, यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर वापरले तरी कण जिथून निघतात त्याला इमिटरच म्हणतात.

बाण हा एकच कण. वर जाऊन वेग सरला की तो मरतो आणि मरताना समजा ३०० कणांना जन्म देतो. यातला प्रत्येक कण मागे शेपूट सोडतो. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, धरून दर फ्रेमला ४ ठिणग्या, २ सेकंद सोडल्या, तर एकाच बाणाच्या ६०,००० ठिणग्या होतात. रेंडरला, म्हणजे संगणकाने अंतिम चित्रे तयार करायला, रात्र लागते ती यामुळे.

नवशिक्याचे काम ओळखू येते ते हवेवरून. त्याने गुरुत्वाकर्षण घातलेले असते, पण हवेचा रोध शून्यावर ठेवलेला असतो. मग ठिणग्या फुगा फुगवावा तशा एकाच वेगाने पसरत जातात. खऱ्या बाणातले जळते गोळे हलके असतात. ते सुसाट सुटतात, हवा त्यांना लगेच अडवते, क्षणभर फूल आकाशात थबकल्यासारखे दिसते आणि मग हळूहळू ओघळते. म्हणून सुरुवातीचा वेग वाटेल त्याहून बराच जास्त आणि हवेचा रोधही भरपूर ठेवावा लागतो. सगळ्या कणांचे आयुष्य अगदी सारखे ठेवले तर फूल दिवा मालवल्यासारखे विझते. थोडा फरक ठेवावा. सोनेरी झुंबरासारखा लोंबणारा प्रकार हवा असेल तर आयुष्य लांब, शेपूट दाट आणि कणांचा वेग कमी.

रंगांतही पथ्य आहे. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. निळा मिळवणे सर्वांत अवघड असते आणि तो फिकाच येतो. पडद्यावर शाईसारखा गडद निळा बाण दिसला की तो संगणकातला समजावा. कॅमेऱ्यात ठिणगीचा गाभा पांढरा पडतो, रंग कडेला राहतो. त्यासाठी थर ‘ऍड’ मोडमध्ये, म्हणजे त्यांचा उजेड एकमेकांत मिळवत, एकमेकांवर टाकतात. काळ्या आकाशावर हे शोभते. पण गिऱ्हाइकाने दिवाळी पहाटेचा, राम मारुती रोडवरच्या गर्दीचा व्हिडिओ पाठवला की पंचाईत होते, कारण उजाडत्या आकाशावर त्याच ठिणग्या धुतल्यासारख्या दिसतात. अशा वेळी मागचे आकाश थोडे काळवंडून घ्यावे लागते.

तलावपाळीच्या दृश्यात निम्मे काम पाण्यात असते. बाणाची प्रत उलटी करून चिकटवली की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. पण तरंगांमुळे प्रतिबिंब उभे ताणले जाते, मधूनमधून तुटते आणि मूळ ठिणगीपेक्षा मंद असते. तलावाकाठच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या मागे फुटलेला बाण इमारतीने कापला गेला पाहिजे, आणि पाण्यात तो आकाशातल्यापेक्षा जास्तच कापला जातो, कारण पाण्यातले दृश्य खालून वर पाहिल्यासारखे असते.

आवाज मात्र घाईत चिकटवला जातो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेवढ्या अंतरावरच्या बाणाचा धमाका फूल उमलल्यावर २५ फ्रेमांनी यायला हवा. धुराचीही तीच गत. खऱ्या आतषबाजीत चार-पाच बाणांनंतर धूर साचतो, वाऱ्याबरोबर एका बाजूला सरकतो आणि पुढचा बाण फुटला की त्याच्या रंगात उजळतो. धुराचा हा थर वेगळा करून ठिणग्यांच्या मागे ठेवतात, आणि तलावावरच्या सगळ्या बाणांना वारा एकाच दिशेचा देतात.