माल उचलला की त्याचं वजन कुठे जातं?

भाऊच्या धक्क्याला लाँच लागायच्या आतच माणसं उठून एका कडेला गोळा होतात आणि खलाशी ओरडतो, 'बसा, बसा!' वजन वर आणि एका कडेला गेलं की लाँच कलू शकते. जवळच्या इंदिरा गोदीत ५० टनांचा ट्रान्सफॉर्मर उतरतो तेव्हाही हेच गणित लागू असतं. 'जहाज रिकामं होतंय, म्हणजे धोका कमी होतोय' हा समज चुकीचा आहे.

क्रेन धक्क्यावरची असेल तर माल उचलताच त्याचं वजन जहाजावरून गेलं. क्रेन जहाजाचीच असेल तर खरी गंमत! माल तळापासून बोटभर सुटला, की ते वजन थेट क्रेनच्या टोकाला टांगलेलं. माल तळाजवळच, पण जहाजाच्या दृष्टीने तो एका क्षणात २५ मीटर वर गेला. जहाज मालासकट १०,००० टनांचं असेल तर गुरुत्वमध्य ५० × २५ ÷ १०,००० म्हणजे साडेबारा सेंटिमीटर वर सरकतो. मेटासेंटर, म्हणजे ज्या बिंदूच्या खाली गुरुत्वमध्य असेल तोवरच जहाज सरळ उभं राहतं, तो आधी गुरुत्वमध्याच्या ८० सें.मी. वर होता, आता उरले साडेसदुसष्ट. मग क्रेन धक्क्याकडे वळून माल मध्यरेषेपासून १८ मीटर बाहेर गेला, की जहाज साडेसात अंशांहून जास्त कलतं.

यात तळाची बॅलास्ट टाकी, म्हणजे जहाज स्थिर ठेवण्यासाठी पाणी भरतात ती, अर्धवट भरलेली असेल तर? कललं की पाणी खालच्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. पाणी किती खोल आहे याला फारसं महत्त्व नाही, टाकीच्या रुंदीच्या घनाला आहे. २० मीटर लांब, १६ मीटर रुंद अशी एकच सलग टाकी ७० सें.मी. खाऊन टाकते, म्हणजे उरलेलं सगळंच. मधोमध उभी भिंत घातली की हा तोटा चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच टाक्या विभागलेल्या असतात. उचल सुरू होण्याआधी त्या एक तर काठोकाठ भरायच्या, नाही तर पूर्ण उपसायच्या.

अवजड मालाआधी हूकला हार घालतात, नारळ फोडतात. फोडावा. पण त्याआधी साउंडिंगची टेप टाकीत सोडून पाणी मोजलेलं असावं.

इंदिरा गोदीला दरवाजे असल्याने आत पाण्याची पातळी फारशी हलत नाही. बाहेरच्या धक्क्यांवर उधाणाच्या दिवशी ती चार मीटरहून जास्त बदलते. त्यात माल उतरला की जहाज आणखी वर येतं, दोर ताणतात आणि सैल करावे लागतात. म्हणून माल वीतभर उचलून थांबतात. कल स्थिरावला, दोर ताणलेले नाहीत, हे पाहूनच सिग्नलवाल्याचा हात वर जातो.